मानसशास्त्राचे गुण: ते कशाचे, आणि कशाचे नव्हेत

दरवर्षी अकरावीचे प्रवेश आटोपून वर्ग सुरू झाले, की मानसशास्त्र हा विषय घेतलेल्या मुलामुलींचे पालक शाळेत भेटावयास येतात. त्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात. "सर, हा विषय शिकल्यावर दुसऱ्याच्या मनातले ओळखता येते काय?" हा पहिला, आणि "ह्यात गुण चांगले पडतात ना?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर "नाही" असे एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. गुण कशाबद्दल मिळतात, ते कसे दिले जातात आणि त्यांवरून मुलाविषयी काय समजावे व काय समजू नये, हे नीट ध्यानात आल्यावाचून "चांगले गुण" ह्या शब्दांस काहीच अर्थ उरत नाही. म्हणून ह्या वार्षिकाच्या निमित्ताने विद्यार्थी व पालक ह्या उभयतांपुढे हा विषय मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम ह्या शास्त्राचे स्वरूप पाहू. मनाविषयीचा विचार फार प्राचीन आहे. परंतु प्रयोगावर उभारलेले शास्त्र म्हणून मानसशास्त्राचा जन्म सामान्यतः १८७९ साली मानला जातो. त्या वर्षी विल्हेल्म वुंट ह्या जर्मन पंडिताने लाइपझिग येथील विश्वविद्यालयात आपली प्रयोगशाळा स्थापिली. आपल्या देशात कलकत्ता विश्वविद्यालयात १९१६ साली ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. जो विषय एके काळी थोड्या विश्वविद्यालयांतच शिकविला जाई, तो आज शिर्डीसारख्या गावातील मुलामुलींस अकरावी-बारावीतच शिकावयास मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तो शिकावयाचा तर शास्त्र म्हणूनच शिकला पाहिजे. हात पाहून भविष्य सांगणे किंवा चेहरा पाहून स्वभाव सांगणे ह्यांशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

ह्या शास्त्राची पहिली अपेक्षा अशी, की पाहिलेली गोष्ट आणि तीवरून बांधलेला तर्क ह्या दोहोंत विद्यार्थ्याने भेद करावा. आपल्या गावात बाहेरून आलेल्या यात्रेकरूंची रांग रोज दिसते. एखादा विद्यार्थी लिहितो, "रांगेतील एक गृहस्थ फार रागीट होते." हा तर्क झाला. दुसरा लिहितो, "त्या गृहस्थांनी दहा मिनिटांत चार वेळा घड्याळ पाहिले, दोनदा पुढे वाकून पाहिले व मुलाशी चढ्या स्वरात बोलले." हे निरीक्षण झाले. ते गृहस्थ रागीट असतील, थकलेले असतील, किंवा त्यांची परतीची गाडी सुटण्याची वेळ झाली असेल. निरीक्षणाने तिन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या, तर्काने दोन बंद केल्या. आमच्या वर्गात दुसऱ्या विद्यार्थ्यास अधिक गुण मिळतात. त्याची भाषा पहिल्यापेक्षा साधी असली, तरीही मिळतात.

आता प्रत्यक्ष गुणांची विभागणी सांगतो. राज्य मंडळाच्या पद्धतीप्रमाणे बारावीस मानसशास्त्राचे १०० गुण असून त्यांपैकी ८० लेखी परीक्षेस व २० प्रकल्पास आहेत. अकरावीचे मूल्यमापन शाळेतच होते: पहिली घटक चाचणी २५ गुणांची, प्रथम सत्राची परीक्षा ५० गुणांची, दुसरी घटक चाचणी २५ गुणांची, आणि वार्षिक परीक्षा लेखी ८० व प्रकल्प २० मिळून १०० गुणांची, अशा एकंदर २०० गुणांची सरासरी काढून १०० पैकी गुण ठरतात. उत्तीर्ण होण्यास शेकडा ३५ गुण लागतात, आणि परीक्षेस बसण्यास वर्गातील उपस्थिती शेकडा ७५ असावी लागते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत हीच विभागणी लेखी ७० व प्रात्यक्षिक ३० अशी आहे. आकडे निराळे असले तरी दोन्ही मंडळांचा हेतू एकच दिसतो: हा विषय केवळ वाचून येत नाही, करून पाहावा लागतो.

ह्या विभागणीवरून पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अकरावीत वार्षिक परीक्षेच्या आधीच निम्मे गुण ठरून गेलेले असतात. "शेवटच्या महिन्यात बसून सर्व पाठ करू" ही योजना म्हणून मुळातच लंगडी आहे. ती लंगडी का, हेही ह्याच शास्त्राने सांगितले आहे. हेर्मान एबिंगहाउस ह्याने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूह तो पाठ करी, काही काळ जाऊ देई, आणि तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले हे मोजी. एका दिवसानंतर हा वाचलेला श्रम सुमारे एक-तृतीयांशच उरे. विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने होते व मग मंदावते, असे त्यास आढळले. पुढे २००६ साली रोडिगर व कार्पिके ह्या अमेरिकी संशोधकांनी दाखविले, की एकच उतारा वारंवार वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात. पण आठवड्यानंतर पाहिले असता, ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःस आठवून पाहिले होते ते त्यांच्या पुढे जातात.

ह्याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. धडा शिकविला त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून दहा ओळी आठवून लिहाव्या. दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा लिहाव्या. चुकलेले तेवढे पुस्तकात पाहावे. घटक चाचण्यांकडेही ह्याच दृष्टीने पाहावे. चाचणी ही शिक्षा नव्हे; तिच्यामुळे स्मरण दृढ होते.

लेखी उत्तरांत आम्ही काय पाहतो, हेही सांगणे योग्य होईल. व्याख्या विचारली असता शब्द नेमके हवेत. फरक विचारला असता दोन वर्णने शेजारी शेजारी ठेवून भागत नाही. कोणत्या मुद्द्यावर फरक आहे तो मुद्दा सांगावा लागतो. उदाहरण विचारले असता पुस्तकातील उदाहरणास हरकत नाही, पण स्वतःच्या घरातील, शेतातील वा बाजारातील उदाहरण दिले म्हणजे विषय समजल्याची खात्री पटते. ताण म्हणजे काय हे सांगताना पेरूच्या बागेला पाणी मिळेल की नाही ह्या काळजीत असलेल्या घराचे वर्णन एका विद्यार्थिनीने केले होते. त्या चार ओळींत तिने ताणाचे कारण, त्याचा शरीरावरील परिणाम व त्यास तोंड देण्याचा मार्ग हे तिन्ही सांगितले. उत्तर लांबविण्याने गुण वाढत नाहीत.

आता प्रकल्पाचे २० गुण. ह्याविषयी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी एका दुसऱ्या शाळेत शिकवीत असताना, वर्गास स्मरणाचा एक साधा प्रयोग दिला होता. घरातील काही माणसांस आधी अर्थपूर्ण शब्दांची यादी व नंतर अर्थहीन अक्षरसमूहांची यादी वाचून दाखवावयाची, आणि कोणती अधिक आठवते ते नोंदवावयाचे. अर्थपूर्ण शब्द अधिक आठवतात, हे पुस्तकात दिलेलेच होते. बहुतेक वह्यांत तसेच सुबक कोष्टक आले व मी त्यांस भरघोस गुण दिले. एका मुलाचे कोष्टक मात्र खाडाखोडीचे होते, आणि त्याच्या नोंदींप्रमाणे एकाने अर्थहीन अक्षरेच अधिक सांगितली होती. प्रयोग नीट केला नाही असे समजून मी त्यास कमी गुण दिले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. तो म्हणाला, "सर, जे घडले तेच मी लिहिले. मग माझे गुण कमी का?" मी वही पुन्हा उघडली. समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, की त्याच्या धाकट्या चुलतभावाने ती अर्थहीन अक्षरे खेळातल्या गाण्याच्या चालीवर म्हणून पाहिली, व मग ती त्याच्या तोंडून सुटेनात. साऱ्या वर्गात खरे मानसशास्त्र त्या एका समासात होते! अक्षरांस अर्थ नव्हता, पण मुलाने त्यांस चाल दिली. आणि ज्यास आकृती मिळाली ते स्मरणात राहिले. मी ते वाचलेच नव्हते. मग मी इतर वह्या पुन्हा पाहिल्या. त्यांतील कित्येकांचे आकडे एकमेकांशी इतके जुळत होते, की ते आकडे घरात न मिळता वर्गातील बाकावरच तयार झाले असावेत, हे उघड दिसत होते. मुले लबाड होती म्हणून तसे झाले नाही. "पुस्तकाशी जुळेल त्यास गुण" हा धडा माझ्याच गुणांनी त्यांस दिला होता.

मी वर्गापुढे चूक कबूल केली, त्या मुलाचे गुण सुधारले, आणि तेव्हापासून जो नियम केला तो आजही पाळतो. निष्कर्ष पुस्तकाविरुद्ध गेला म्हणून एकही गुण कापला जाणार नाही. तो तसा का गेला ह्याचा विचार केला असेल, तर उलट त्याचे मोल अधिक. पण आकडे बनविलेले आढळले, तर कोष्टक कितीही सुंदर असो, तो प्रकल्प पुन्हा करावा लागेल. कच्च्या नोंदींचे कागद, खाडाखोड असली तरी, वहीस जोडलेच पाहिजेत. तोंडी परीक्षेत आम्ही "निष्कर्ष काय निघाला?" ह्यापेक्षा "तुम्ही नेमके काय केले?" हेच अधिक विचारतो.

प्रकल्पासंबंधी आणखी दोन अपेक्षा आहेत. ज्याचे निरीक्षण करावयाचे वा ज्यास प्रश्न विचारावयाचे, त्यास हेतू सांगून संमती घ्यावी व वहीत त्याचे नाव लिहू नये. देवदर्शनास वा प्रार्थनेस आलेला मनुष्य आपल्या प्रकल्पासाठी तेथे आलेला नसतो, ह्याचे भान आपल्या गावात तर विशेष ठेवावयास हवे. दुसरी अपेक्षा अशी, की मनोविकारांचे प्रकरण वाचून कोणीही आपल्या मित्रास, आत्यास वा शेजाऱ्यास एखाद्या विकाराचे नाव चिकटवू नये. निदान करणे हे शिकलेल्या वैद्याचे काम आहे. आमच्या वर्गात अशी थट्टा खपवून घेतली जात नाही.

येथपर्यंत विद्यार्थ्यांच्या कर्तव्याचा विचार झाला. आता परीक्षकांच्या कर्तव्याचा करू. गुण हे तराजूने तोललेल्या साखरेसारखे अचूक असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेत स्टार्च व एलियट ह्या दोघांनी १९१२-१३ च्या सुमारास एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शिक्षकांकडे तपासावयास धाडल्या. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेस मिळालेल्या गुणांत मोठे अंतर पडले. भूमितीत तरी एकमत होईल असे वाटले होते, पण तेथे अंतर त्याहून वाढले: कोणी तिसाच्याही आत गुण दिले, तर कोणी नव्वदाहून अधिक! ह्यावरून गुण निरर्थक ठरतात असे नव्हे. पण तपासणाऱ्याने आधी कसोट्या ठरवून घेतल्या पाहिजेत, हे मात्र ठरते. म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी कोणत्या मुद्द्यास किती गुण हे आम्ही लिहून ठेवितो, आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देतो. गुणांविषयी शंका असल्यास ती विचारणे हा उद्धटपणा नव्हे. बारावीच्या निकालानंतर मंडळाकडेही गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन ह्यांची सोय आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने विचारले नसते, तर माझी चूक मला कधीच कळली नसती.

मोजमापाचा मूळ हेतू काय, हे ह्याच शास्त्राच्या इतिहासातून शिकण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व त्याचा सहकारी सिमाँ ह्यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली प्रसिद्ध कसोटी तयार केली, ती हुशार मुलांस पदके वाटण्यासाठी नव्हे. शाळेत मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांस विशेष साहाय्य हवे, हे ओळखण्यासाठी ती होती. ही कसोटी पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिची रूपांतरे केली, आणि त्यांचा ह्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. ह्या श्रमांची गरज का पडली? परक्या भाषेतील व परक्या परिस्थितीतील प्रश्न विचारून आपल्या मुलाची बुद्धी मोजता येत नाही, म्हणून. ज्या मुलाच्या घरी दिव्याखाली बसावयास स्वतंत्र जागा नाही, जो पहाटे दूध घालून शाळेस येतो, त्याचे ५५ गुण आणि ज्यास सर्व सोयी आहेत त्याचे ५५ गुण कागदावर सारखे दिसतात. गुणपत्रिका काम मोजते. त्या कामामागची वाट तिला दिसत नाही. ती वाट पाहणे हे शिक्षकांचे व मातापित्यांचे काम आहे.

राहात्याच्या बाजारात पेरू निवडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. मोठा एका पाटीत, मध्यम दुसरीत, डागाळलेला तिसरीत. फळास त्याचे काही वाटत नाही, कारण आपण कोणत्या पाटीत पडलो हे त्यास कळत नाही. मुलास मात्र कळते, आणि कळल्यावर ते बदलते! रूथ बटलर ह्या विदुषींनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांस केवळ गुण दिले, काहींस केवळ अभिप्राय दिला, व काहींस दोन्ही दिले. पुढील कामात सुधारणा झाली ती केवळ अभिप्राय मिळालेल्यांची; दोन्ही मिळालेल्या मुलांस अभिप्रायाचा लाभ झाला नाही. गुण दिसले की मूल खाली लिहिलेले वाचीतच नाही, असा शिक्षकांचाही अनुभव आहे. ह्यास्तव घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका आम्ही प्रथम केवळ अभिप्राय लिहून देतो. मुले चुका सुधारून आणतात, आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगतो. "आज गुण का कळले नाहीत?" असे घरी विचारले जाते, म्हणून हा खुलासा.

आणखी एक अभ्यास पालकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. म्यूलर व ड्वेक ह्या संशोधिकांनी १९९८ साली असे दाखविले, की "तू किती हुशार!" अशी स्तुती झालेली मुले पुढे कठीण प्रश्न आले असता लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्यास सांगताना त्यांतील पुष्कळांनी ते वाढवून सांगितले. ज्यांच्या प्रयत्नांची स्तुती झाली होती, त्यांच्यात असे फारच थोडे होते. विचार करा: खोटे बोलावयास त्या मुलांस कोणी शिकविले नव्हते. आपली किंमत गुणांवर आहे एवढेच त्यांस कळले होते. माझ्या वर्गातील ती बनावट कोष्टके ह्याच जातीची होती.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे. निकालाच्या दिवशी "शेजारच्याला किती पडले?" हा पहिला प्रश्न नसावा. "तुला कोणता भाग जड गेला?" हा असावा. मूल ह्या विषयात आपल्या मनातील काही दुःख लिहील, तर त्यास आम्ही गुणही देत नाही व त्याचे गुण कापीतही नाही, कारण दुःखाची परीक्षा घेता येत नाही. मात्र तशा मुलाशी आम्ही एकांतात बोलतो, आणि जरूर तर घरीही कळवितो. परीक्षेच्या वा निकालाच्या काळात मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, ते अबोल झाले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये. शिक्षकांस भेटावे, वैद्याकडे न्यावे. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. कोणत्याही विषयाचे गुण मुलाच्या जिवापेक्षा मोठे नाहीत.

शेवटी, आपल्या शाळेत सर्व धर्मांच्या मुलांनी अनेकदा ऐकलेला एक दृष्टांत आठवतो. परदेशी जाणाऱ्या धन्याने तिघा चाकरांस आपापल्या शक्तीप्रमाणे पाच, दोन व एक असा ऐवज सोपविला. पाचांचे दहा करणारा आणि दोनांचे चार करणारा हे दोघे परत आले, तेव्हा धन्याने दोघांची प्रशंसा सारख्याच शब्दांत केली. दहांस अधिक व चारांस कमी अशी नाही. ठपका आला तो ज्याने भयापोटी आपला ऐवज जमिनीत पुरून ठेविला त्यास. मंडळाची गुणपत्रिका दहा व चार ह्यांतील अंतर दाखवील. ते तिचे काम आहे व ते तिने न्यायाने करावे. पण घरी व शाळेत आपण जो हिशेब मागावयाचा तो धन्याच्या रीतीने मागावा: जे दिले होते त्याचे तू काय केलेस, आणि जे केलेस ते खरे सांगितलेस काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्यास ताठ मानेने देता येतील, तो विद्यार्थी आमच्या दृष्टीने उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला.